फॉर्म्युला पाठ आहे, पण कळलाय का?

नीटच्या पहिल्या प्रयत्नाच्या वर्षी मालेगावच्या आमच्या घरात एकही भिंत मोकळी नव्हती. फ्रिजवर लेन्सचा फॉर्म्युला, कपाटावर आरशाचा, मोरीच्या दारावर विद्युतधारेचे सगळे. अम्मी पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवायची. मी फजरनंतर खोलीभर फेऱ्या मारत घोकत असे. परीक्षेत फिजिक्सचे ४५ प्रश्न समोर आले तेव्हा फॉर्म्युले आठवत होते, पण कुठे कोणता लावायचा ते कळत नव्हतं. मग अंदाजाने गोल रंगवले. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं की एक जातो. माझे बरेच गेले.

घरचे म्हणाले, पाठांतर कमी पडलं. क्लासमध्येही तेच ऐकलं. मलाही ते पटलं. आज वाटतं, ते निदानच चुकीचं होतं. आणि त्याच निदानावर आपली कितीतरी मुलं दरवर्षी आणखी जास्त घोकंपट्टीचं औषध घेतात.

मी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकले. तिथे बल म्हणजे कुव्वत होतं, त्वरण म्हणजे इसराअ. अकरावीत एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी झालं. माझ्या मराठी माध्यमातल्या मैत्रिणींचंही हेच झालं. सर बोलायचे ते वाक्यच कळत नसेल, तर ते पाठ करण्याशिवाय हातात उरतं काय? २०१८ पासून नीटचा पेपर उर्दूत मिळतो, मराठीतही मिळतो. पण मला मिळालेल्या नोट्स आणि सराव पेपर सगळे इंग्रजीच होते. म्हणजे आपल्या मुलांची घोकंपट्टी हा आळस नाही. भाषेचा पूल तुटला, म्हणून त्यांनी पकडलेली ती दोरी आहे.

पाठांतर वाईट, असं मी म्हणणार नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे, तर फॉर्म्युला जिभेवर हवाच. आपल्या वस्तीतला हाफिज रोज दौर करतो, नाहीतर पाठ केलेलंही निसटतं, हे आपण जाणतो. पण मक्तबात अर्थ न कळता पढलेलं आणि पुढे अर्थासह वाचलेलं, यातला फरकही आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलाय. फिजिक्सचंही तसंच आहे. अर्थ आधी, मग पाठांतर.

मला हे अब्बांमुळे कळलं. दुसऱ्या प्रयत्नाच्या तयारीत मी 'इम्पल्स' घोकत होते. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. अब्बा यंत्रमागावर काम करतात. त्यांनी विचारलं, "हे काय असतं?" मला सांगता येईना. कसंबसं सांगितलं, की वेगातली वस्तू थांबवायला जास्त वेळ घेतला तर धक्का कमी बसतो. ते हसले. "मग धोट्याच्या पेटीत चामड्याचा पट्टा कशाला असतो? धोटा हळू थांबावा म्हणून. नाहीतर आदळून फुटेल." पाचवीत शाळा सुटलेल्या माणसाने माझा धडा एका वाक्यात शिकवला होता. तो फॉर्म्युला मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

त्यानंतर मी एक सवय लावली. प्रत्येक फॉर्म्युला आधी घरच्या बोलीत कुणाला तरी सांगायचा. मग एककं तपासायची. व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू ए एस, यातली तिन्ही पदं मीटर वर्ग भागिले सेकंद वर्गच येतात. कुठे वर्ग राहिला, तर एककं लगेच चुगली करतात. चार्ट भिंतीवर राहिला, पण शेवटच्या उजळणीसाठी.

"डॉक्टर व्हायचंय, मग फिजिक्स कशाला?" हा प्रश्न मीही विचारायचे. यंगचा मॉड्युलस आणि यंगचा डबल स्लिट प्रयोग आपण घोकतो. ते थॉमस यंग पेशाने डॉक्टर होते, हे मला कुठल्याच चार्टवर सापडलं नाही.

दुसऱ्यांदा फिजिक्सचे गुण वाढले, पण सरकारी एमबीबीएसची सीट मिळाली नाही. मी फिजिओथेरपीला गेले. काही दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. डॉक्टर नाही तर काहीच नाही, हेही आपण पाठच केलेलं एक सूत्र आहे, अर्थ न तपासता. आज रुग्णाला वजन शरीराजवळ धरून उचलायला शिकवते, तेव्हा तिथे टॉर्कच असतो.

दर रविवारी माझ्याकडे शेजारच्या चार मुली येतात. फी नाही, फळाही नाही. एकीने फॉर्म्युला उर्दूत किंवा मराठीत समजावायचा, बाकीच्यांनी 'का?' विचारायचं. दोन तासांत तीनच फॉर्म्युले होतात, पण ते टिकतात.

जलसे, सत्कार आणि गुणवंतांचे बॅनर यांवर आपण खर्च करतो. मोहल्ल्यातली एक खोली आठवड्यातून दोन तास अशा अभ्यासाला देणं त्याहून स्वस्त आहे. तुम्ही बारावी सायन्स झाला असाल, तर तुमच्या गल्लीत अकरावीची एखादी मुलगी आत्ता फेऱ्या मारत घोकत असेल. तिला एवढंच विचारा, "हे म्हणजे काय, मला सांग ना."