फोर बाय फोरचे लिव्हर आणि दहा फेऱ्यांचा हिशोब

गळीत हंगाम तोंडावर आला की मासिकाच्या टपालात डिझेलचे रडगाणे सुरू होते. यंदा दिंद्रुड-तेलगाव पट्ट्यातल्या ट्रॅक्टरमालकांच्या पत्रांचा सूर एकच आहे: फोर बाय फोर जास्त पितो, मग पुढचा ॲक्सल कायमचाच सोडून ठेवला तर? एका वाचकाने तर पुढचा शाफ्ट उतरवून गोठ्यात टांगल्याचे कळवले आहे.

तो शाफ्ट आधी परत लावावा.

रस्त्यावर पुढच्या ॲक्सलचे लिव्हर सोडल्याने डिझेल वाचते, हे खरे. सिमेंटच्या महामार्गावर टायर घसरत नाही. त्यामुळे लिव्हर जोडलेले असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक जिरायला जागाच मिळत नाही. तो शाफ्टला पीळ देतो, क्राऊन-पिनियनवर बसतो आणि पुढचे टायर गुळगुळीत करतो. मात्र लिव्हर सोडले तरी चाकांबरोबर पुढचे डिफरन्शियल फिरतच राहते, वजनही तसूभर कमी होत नाही. बचत होते, पण टू व्हीलची बरोबरी होत नाही.

मोटारींचीही तीच कथा. मारुतीच्या ग्रँड व्हिटारात मॅन्युअल गिअरच्या साध्या गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला 21.11 किलोमीटर होता, ऑलग्रिप या ऑल व्हील गाडीचा 19.38. सुमारे 8 टक्क्यांची ही तूट बटण फिरवून भरून निघत नाही, कारण जादा शाफ्ट, जादा डिफरन्शियल आणि त्यांचे वजन गाडी सोबत वागवतेच. फ्यूज उपसून ऑल व्हील बंद करणाऱ्या हौशी मंडळींच्या पदरात बहुधा डॅशबोर्डवरचा एक दिवा तेवढा पडतो.

रानात गणित उलटे होते. ओलसर काळ्या रानात पल्टी नांगराला टू व्हीलवर 20 टक्के घसरण झाली, तर चाकाच्या पाच फेऱ्यांतली एक जागेवरच वाया गेली. तिचे डिझेल मात्र जळाले. पुढचा ॲक्सल जोडला आणि वजन नीट बसवले, तर ही घसरण 8 ते 12 टक्क्यांवर आणता येते. उसाची ट्रॉली फडातून बांधावर काढताना हाच अनुभव येतो. धारूरच्या घाटात भरल्या ट्रॉलीने उतरतानाही लिव्हर जोडलेलेच हवे, म्हणजे इंजिनाचा रोध चारही चाकांना मिळतो. तिथे घोटभर डिझेल वाचवायला जाणे म्हणजे ड्रायव्हरचा जीव टांगणीला लावणे.

इथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. डोके फिरते ते पत्रांतली टायरची मापे वाचून. मागे 14.9-28 होते, ते काढून ‘भारी दिसतात’ म्हणून 16.9-28 चढवले, पुढचे 9.5-24 तसेच ठेवले. दुसऱ्याने मागचे झिजलेले तसेच ठेवून पुढे कोरी जोडी घातली. दोघांचीही तक्रार एकच, की लिव्हर टाकले की ट्रॅक्टर जड ओढतो. ओढणारच! पुढची चाके मागच्यांपेक्षा 1 ते 5 टक्के पुढे धावावीत, या हिशोबाने कारखान्यात गिअर बसवलेले असतात. टायर बदलला की तो हिशोब मोडतो.

तपासायला खडू पुरतो. पुढच्या आणि मागच्या टायरवर खूण करावी. लिव्हर सोडून, मऊ रानात सरळ रेषेत, मागच्या चाकाच्या 10 फेऱ्या होईपर्यंत पुढचे चाक किती फिरते ते मोजावे. मग लिव्हर जोडून तेच करावे. समजा, सोडून 15.5 आणि जोडून 16 फेऱ्या आल्या. फरक अर्ध्या फेरीचा, म्हणजे 3.2 टक्के, ट्रॅक्टर तंदुरुस्त आहे. मागचे टायर झिजून सोडलेला आकडा 14.8 वर आला, तर पुढची चाके 8 टक्के पुढे पळतात. मागे मोठे टायर घालून तो 16.5 झाला, तर पुढची चाके ओढण्याऐवजी मागच्यांना अडवू लागतात. अशा ट्रॅक्टरला नावे ठेवण्यापूर्वी टायरची पावती काढून पाहावी.

सरकारदरबारीही आनंदच आहे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात टू व्हील आणि फोर व्हीलसाठी अनुदानाच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत, म्हणजे फरक कागदावर तरी मान्य आहे. विक्रेता ग्राहकापुढे ठेवतो तो बुदनीच्या सरकारी चाचणी केंद्राच्या अहवालातला पीटीओचा डिझेल आकडा. ती चाचणी होते तेव्हा ट्रॅक्टर जागेवर उभा असतो. पुढचा ॲक्सल जोडलेला की सुटलेला, याने त्या आकड्याला काही फरक पडत नाही. पुढे महाडीबीटीवर कागद चढवा, निवडीची वाट पाहा, मग तपासणी. येणारा माणूस चासी नंबर जुळवतो, मालकाला बॉनेटजवळ उभा करून फोटो काढतो आणि निघतो. लाखाच्या अनुदानाचे यंत्र गावात येते, पण त्यातले लिव्हर केव्हा टाकायचे आणि केव्हा सोडायचे, हे ड्रायव्हरला दाखवायला कोणीच येत नाही. मालक तरी कुठे दाखवतात? माहितीपुस्तिका बहुतेकांच्या टूलबॉक्समध्ये ग्रीस पुसायला आहे.

तेव्हा पत्रे लिहिणे थोडे थांबवा आणि खडू हातात घ्या. साखर कारखान्याचा भोंगा वाजण्याआधी आपल्या ट्रॅक्टरच्या 10 फेऱ्या मोजा. ट्रॅक्टरचे मॉडेल, पुढच्या टायरचे माप, मागच्याचे माप, सोडून आलेला आकडा आणि जोडून आलेला आकडा, एवढ्या पाच गोष्टी पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आलेली सगळी कार्डे मॉडेलवार तक्ता करून पुढच्या अंकात छापली जातील. टायर घ्यायला जाताना तो तक्ता सोबत न्यावा.