अकरा महिने, दोन रात्री आणि ‘ओन्ली फॅमिली’

सबमिशन संपत आलं की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच विषय – यंदा कुठं? कुणी अलिबाग म्हणतं, कुणी लोणावळा, कुणी थेट तारकर्ली. मग दहा-बारा जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. हॉटेलात चार खोल्या घ्यायच्या म्हटलं तर खिशाला परवडत नाही, म्हणून ‘बंगला ऑन रेंट’ शोधायचा. तीन बेडरूम, गॅस, अंगण आणि नशीब असेल तर स्विमिंग पूल. वर्गणी काढली की भागतं. फोन लागतो. पलीकडून पहिला प्रश्न, ‘‘फॅमिली आहे का?’’ खरं सांगितलं की फोन बंद! सोसायटीचा नियम आहे, ग्रामपंचायतीचा नियम आहे, पोलिसांचा नियम आहे... कारण कुठलंही, उत्तर एकच. स्टॅग नॉट अलाऊड.

मित्रहो, हा नियम नेमका आहे कुणाचा? कुठल्या पुस्तकात छापलाय? हे शोधायला बसलो तेव्हा गंमत कळली. (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सपेक्षा हा विषय बराच रंजक निघाला, सरांनी माफ करावं.)

आपल्याकडं घर भाड्यानं देणं म्हटलं की डोळ्यांपुढं येतात ते अकरा महिने. कुणालाही विचारा, ‘‘करार किती महिन्यांचा?’’ – ‘‘अकरा!’’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार घरभाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. सोसायटीतला फ्लॅट असेल तर सोसायटीला कळवायचं आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत ना-वापर शुल्क भरायचं. ही दहा टक्क्यांची मर्यादा २००१ साली सरकारनं घातली. सगळं ठीक. पण हे सगळं अकरा महिन्यांसाठी. शनिवार-रविवारच्या दोन रात्रींसाठी कोण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन अंगठा देणार?

दुसरीकडं पर्यटन खात्याच्या योजना आहेत. राज्याच्या पर्यटन महामंडळाची ‘न्याहारी निवास’ योजना कोकणात फिरलेल्यांना माहीत असेल. ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी आणि आत काकूंच्या हातची सोलकढी. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचीही अशीच एक योजना आहे. तिच्यात जास्तीत जास्त सहा खोल्या, बारा खाटा आणि मुख्य अट म्हणजे मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे. आता आपला तो अलिबागचा बंगला घ्या. मालक मुंबईत, किल्ली माळ्याकडं, पैसे एजंटाच्या खात्यात. हे घर न्याहारी निवास नाही, कारण यजमानच नाही. हॉटेल नाही, कारण काउंटर नाही, रजिस्टर नाही. अकरा महिन्यांचं भाडंही नाही. म्हणजे तिन्ही डब्यांतून बाहेर पडलेला हा प्रवासी! आणि जिथं कायद्याची ओळ रिकामी असते तिथं वॉचमन स्वतःच्या हातानं ओळ लिहितो : ओन्ली फॅमिली.

खरं तर परक्याला दोन रात्री घरात ठेवणं आपल्याला नवीन नाही. पंढरपुरात आषाढीला अर्धं गाव आपली ओसरी, माडी, माळवद वारकऱ्यांना देत आलंय. त्र्यंबकेश्वरी उपाध्यांच्या घरी यजमान उतरतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या तिथं आहेत. आमच्या वडवणीची माणसं परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेली आणि शेवटची एस.टी. चुकली तर धर्मशाळेत नाही तर ओळखीच्याच्या ओळखीकडं पथारी टाकतात, कुणी करार विचारत नाही. इंग्रजांनी १८६७ मध्ये सराईंसाठी कायदा केला होता. सराईवाल्यानं जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटकडं नोंद करायची, जागा स्वच्छ ठेवायची, पाणी चांगलं ठेवायचं, राखणदार ठेवायचा. बघा, दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा, पण त्याचा रोख घर चालवणाऱ्यावर आहे. मुसाफिराचं लग्न झालंय का, हा प्रश्न साहेबाला पडला नव्हता.

बाहेरच्या जगात मात्र या विषयावरून मोठी रणं माजली आहेत. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांना घरभाडं जड झालं, म्हणून त्यांनी हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. त्यातून पुढं एअरबीएनबी उभी राहिली. आज तीच कल्पना त्याच शहरांना डोईजड झालीय. ॲमस्टरडॅममध्ये स्वतःचं घर वर्षाला तीसच रात्री पाहुण्यांना देता येतं. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्यासाठी नोंदणी सक्तीची केली. मालकानं घरात हजर असायचं आणि पाहुणे दोनच! बार्सिलोनाच्या महापौरांनी तर जून २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातले १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, नवे द्यायचे नाहीत. कारण स्थानिक माणसाला राहायला घरच उरत नव्हतं. घरमालकानं हिशोब केला तर महिन्याच्या भाड्यापेक्षा आठवड्याचा पर्यटक त्याला बरा वाटतो.

हसू नका, हे आपल्या कॉलेजच्या गेटबाहेरही होतं. ॲडमिशनच्या आणि प्रवेश परीक्षांच्या दिवसांत आसपासच्या खोल्या रोजानं जातात. वर्षभर राहणाऱ्या पोराला सांगितलं जातं, ‘‘जूनमध्ये सामान हलव, जुलैत परत ये.’’ भाडं मात्र बारा महिन्यांचं. बार्सिलोना दूर आहे, पण तिथलं दुखणं आपल्याला ओळखीचं आहे. म्हणून मी नियमांच्या विरोधात नाही हे आधीच सांगून टाकतो. दोन रात्रींच्या घराला नियम हवेतच. फक्त ते कुणावर चालवायचे, एवढाच प्रश्न आहे.

गोव्यानं हे काम फार पूर्वी सुरू केलं. तिथं १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे; पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्यानं पर्यटन खात्याकडं नोंद करायची. सगळे करतात असं नाही, पण निदान नंबर विचारायची सोय आहे. आपल्याकडं निर्बंध आहेत ते बहुतेक बांधकामाचे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. डोंगर वाचवायचा तर हे हवंच. पण नवी हॉटेलं बांधायला बंधन आणि सुट्ट्यांत येणारी गर्दी मात्र वाढती, मग ती गर्दी जाते कुठं? गावातल्या घरांत, नोंद न झालेल्या खोल्यांत. समुद्रकिनाऱ्यासाठी २०१९ ची जी किनारा नियमन अधिसूचना निघाली तिच्यातली एक तरतूद मला मनापासून आवडली. सीआरझेड-३ भागात स्थानिक लोकांना, कोळी बांधवांनाही, घरात पर्यटक ठेवता येतील. मात्र घराचं जोत्याचं क्षेत्रफळ, आराखडा आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. स्थापत्यवाल्यांनो, याला म्हणतात स्पेसिफिकेशन! मोजता येईल, तपासता येईल असा नियम. पाहुणा एकटा आला की दुकटा, याचा त्यात संबंध नाही.

आता ‘बॅचलर नको’ या मुद्द्याकडं येऊ. मालकाची बाजू खोटी नाही. रात्री दोनला स्पीकर, अंगणात बाटल्या, शेजारच्या आजोबांना झोप नाही, सकाळी पूलमध्ये तरंगणारे वेफर्सचे पुडे. हे करणारी पोरं आपल्यातलीच असतात, कबूल. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. ते नियम लावा ना! चाळीस वर्षांच्या गृहस्थानं बायका-पोरांसमोर स्पीकर लावला तरी आवाज तेवढाच होतो. डेसिबलला रेशनकार्ड नसतं.

आणि कायद्याचं म्हणाल तर कोईमतूरचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. तिथं २०१९ मध्ये एका सर्व्हिस अपार्टमेंटला अधिकाऱ्यांनी सील ठोकलं. एका खोलीत लग्न न झालेलं जोडपं आढळलं, हे त्यामागचं एक कारण. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं विचारलं की असं राहायला मनाई करणारा कायदा कुठं आहे? सील काढायला लावलं. म्हणजे ‘पोलिसांचा नियम आहे’ असं फोनवर ऐकलं तर कलम विचारायला हरकत नाही. (विचारल्यावर बंगला मिळेलच याची हमी मी देत नाही.)

या नकाराचा परिणाम काय होतो तो बघा. नोंदणी केलेली, चार शिस्तीची घरं आपल्याला नाही म्हणतात. मग आपण पोचतो तिथं, जिथं कुणी काहीच विचारत नाही. तिथं पूल असतो पण खोली लिहिलेली नसते, जीवरक्षक नसतो, रात्री दिवा नसतो. भाड्याच्या बंगल्यांच्या पूलमध्ये बुडून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते तर ‘फॅमिली’च होते. पाण्याला नातं कळत नाही. त्या दुर्घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश काढले, संध्याकाळी सहानंतर काही ठिकाणी बंदी आली. सहा वाजता धबधब्यावरून उठवलेली गर्दी बंगल्यावर येते, आणि तिथल्या पूलकडं बघायला कुणी नसतं.

दुसरा धोका पैशाचा. ‘‘दादा, वीकेंडला फक्त एकच डेट उरलीय, ॲडव्हान्स टाका, लोकेशन नंतर पाठवतो.’’ फोटो कुणाच्या तरी भलत्याच घराचे. पैसे गेले की नंबर बंद. आमच्या मजल्यावरच्या एका ग्रुपची वर्गणी अशीच गेली, आणि तक्रार करायला कुणी तयार होईना, कारण घरी सहलीचं सांगितलेलंच नव्हतं. असं झालंच तर १९३० वर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी कळवलं तर ते थांबवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी फार उशीर झालेला असतो. लाज नंतर वाटून घ्या.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक नगरपरिषदेनं, ग्रामपंचायतीनं आपल्या हद्दीतल्या अशा घरांची यादी करावी. घराला नंबर द्यावा आणि तो जाहिरातीत छापल्याशिवाय भाड्यानं द्यायला बंदी करावी. किती माणसं झोपणार, पूल किती खोल, रात्री कुणाला फोन करायचा, हे दारावर लिहिलेलं असावं. पाहुण्यांची ओळखपत्रं घ्यावीत, अनामत घ्यावी, धिंगाणा केला तर ती जप्त करावी आणि वर दंड लावावा. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवायची सक्ती आहेच, ते जमतं तर हेही जमेल. इतकं करूनही एखादा मालक आम्हाला नको म्हणाला तर त्याचं घर आहे, त्याची मर्जी. पण मग त्यानं ‘मला नको’ म्हणावं. ग्रामपंचायतीच्या नावावर खपवू नये.

आपल्या प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती. इंडस्ट्रियल व्हिजिटला जसं कॉलेजचं पत्र मिळतं तसं वर्गाच्या सहलीलाही मिळावं, लेटरहेडवर, मुलांच्या नावांसह. घरमालकाला भीती असते ती अनोळखी टोळक्याची. पत्र असलं की टोळकं वर्ग होतं. आणि पोरांनाही माहीत राहतं की आपली नावं कुठंतरी लिहिलेली आहेत.

शेवटी आमच्या गावाकडचं सांगतो, कारण हे सगळं वाचताना मला सारखं तेच दिसत होतं. वडवणी तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर दिवाळीच्या सुमारास घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कोयती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाच-सहा महिने मुक्काम कारखान्याजवळच्या नाहीतर उसाच्या फडाजवळच्या कोपीत. वर पाचट, खाली माती, पाणी लांबून. तिथं कुणी विचारत नाही, ‘‘फॅमिली आहे का?’’ फॅमिलीच असते, लेकराबाळांसकट. दोन रात्रींच्या बंगल्याला किती माणसं, किती संडास, हे मोजा म्हणून मी इथं लिहितोय. तोच फूटपट्टीचा नियम त्या सहा महिन्यांच्या मुक्कामाला लावला तर किती कारखाने पास होतील?

आता बीडपर्यंत रेल्वे आलीय, सप्टेंबर २०२५ मध्ये. तोच मार्ग पुढं वडवणीवरून परळीला जायचाय. गाडी सुरू झाली की वैजनाथाला जाणारे काही जण वाटेत उतरतील, हे आमच्या गल्लीतल्या एका काकांनी आत्ताच हेरलंय. त्यांची दीड एकर जमीन आहे, विहीर आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकरवाल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करता येते, हे मी त्यांना सांगितलं. कागद कुठले लागतील ते विचारून झाल्यावर काका म्हणाले, ‘‘आन् पोरंपोरं आली तर ठिवायची का रं?’’ मी म्हटलं, ठेवा, पण विहिरीला कठडा बांधा आधी. पुढच्या सुट्टीत गेलो की त्याचं इस्टिमेट काढून द्यायचंय.

– तृतीय वर्ष, स्थापत्य