पाणी की खळ?

दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आपण आधी पाणी विचारतो. प्राण कंठाशी आलेल्याच्या मुखात तुळशीपत्र आणि गंगाजळ घालतो. अशा समाजात शुद्धीवर असलेल्या, तहानलेल्या म्हाताऱ्या माणसाला साध्या पाण्याचा घोट नाकारला जातो आणि त्याविरुद्ध कोणी ब्र काढीत नाही. म्हणून तो मी काढतो.

पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांचे गिळणे पुष्कळदा बिघडते. पातळ द्रव जिभेवरून भरकन घसरतो, श्वासनलिकेचे दार मिटण्यापूर्वीच आत शिरतो आणि न्यूमोनियाचे भय उभे राहते. उपाय म्हणून पाण्यात, चहात, सरबतात स्टार्चची किंवा झँथन गोंदाची पूड कालवतात. दाट द्रव सावकाश उतरतो, हे खरे. क्ष-किरणांच्या चलच्चित्रात तो श्वासनलिकेत कमी शिरताना दिसतो, हेही खरे. परंतु चित्रातला घोट नीट उतरला म्हणजे माणसाचा न्यूमोनिया टळला, हा निष्कर्ष कोठून काढला?

स्मृतिभ्रंश किंवा कंपवात असलेल्या ५१५ रोग्यांवर अमेरिकेत झालेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना हनुवटी छातीकडे झुकवून पातळ द्रव दिले, काहींना दाट केलेले. तीन महिन्यांत न्यूमोनिया झाला पहिल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना, दुसऱ्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना. ठरवून सांगावा असा फरक नाही. काहीच न करता पाणी दिलेला तिसरा गट त्यात नव्हता, हे मान्य. पण शरीरातले पाणी घटण्याचे प्रमाण पहिल्यांत २ टक्के, तर दुसऱ्यांत ६ टक्के निघाले.

याचे मला नवल वाटत नाही. माझ्या आत्याबाई पक्षाघातातून सावरत होत्या, तेव्हा त्यांच्या खाटेवर ‘पातळ वर्ज्य’ अशी पाटी लागली. चहा आला तो चमच्याला चिकटणारा. त्या म्हणाल्या, “अरे, ही खळ लुगड्याला लाव. मला पाणी दे.” पुढे त्यांनी पिणेच टाकले आणि सलाईन लावावे लागले. ती पाटी कोणत्या तपासणीवरून लावली, हे त्या रुग्णालयात कोणालाच सांगता येईना!

कोणी म्हणेल, “जीव मोठा की जिभेचे चोचले?” तहान म्हणजे चोचला नव्हे. आणि जीव वाचवण्याची एवढी कळकळ असेल, तर रोग्याचे तोंड दिवसातून किती वेळा स्वच्छ करता, ते आधी सांगा. न्यूमोनिया कोणाला होतो, याचा अमेरिकेत घेतलेला शोध १९९८ साली प्रसिद्ध झाला. नुसते गिळणे बिघडल्याने तो होतोच असे नाही. दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यावे लागणे, मुखमार्जनासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे आणि किडलेले दात, ही कारणे तितकीच बलवत्तर निघाली. अमेरिकेतल्याच लुईव्हिल येथील फ्रेझर संस्थेत १९८४ पासून, तोंड स्वच्छ करून, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत साधे पाणी देण्याची पद्धत आहे. जेवताना मात्र नाही. यात थोर विज्ञान कमी, घासणारा हात अधिक लागतो. कदाचित म्हणूनच पुडीचा डबा सोपा वाटतो.

दाट पेये बंद करा, असे मी म्हणत नाही. काहींना ती खरोखर उपयोगी पडतात, आणि कोणाला काय द्यावे हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवावे. पण ठरवावे, नुसती पाटी लावू नये. दाटपणा मोजावा, दहा मिलिलिटरच्या पिचकारीतून दहा सेकंदांत किती द्रव गळतो, यावरून तो मोजण्याची आंतरराष्ट्रीय रीत आहे. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे, कारण पक्षाघातानंतर गिळणे पुष्कळदा सुधारते. दाटच हवे असेल, तर चहाचे सोंग आणण्यापेक्षा गाळलेली नाचणीची आंबील त्याच मापाची करून द्यावी. ती मुळातच दाट असते, तिला कोणी खळ म्हणत नाही.

आणि सर्वांत आधी रोग्याला विचारावे. धोका समजावून सांगितल्यावरही एखादी म्हातारी म्हणाली, “मला पाणीच हवे,” तर तो तिचा हट्ट नव्हे, तिचा निर्णय आहे. मरताना जे पाणी आपण पवित्र मानून पाजतो, ते जगताना मागितले तर निदान तिचे म्हणणे ऐकून तरी घ्यावे!