हिरवे दिसते तितके रान नव्हे

वेंगुर्ले तालुक्यातील रेडीचा द्विभुज गणपती १९७६ साली लोहखनिजाच्या खाणीत सापडला. आज तेथे भाविकांची रीघ असते. चतुर्थीला याच परिसरातील घराघरांत गणपतीच्या वर माटवी बांधली जाते. तीत हरणं, शेरवडं, कवंडळ, कांगलं, तेरडा असे रानातले कितीतरी जिन्नस लागतात. एकाच जातीच्या पानांनी माटवी भरत नाही, हे कोकणातील लहान मुलालाही ठाऊक असते. खाणींच्या कागदपत्रांना मात्र ते ठाऊक नसावे!

खाण संपल्यावर जमीन पुन्हा हिरवी करणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. खाणपट्टाधारकाने तेथे गवत उगवावे आणि चारा, वनस्पती व प्राणिजीवन यांच्या वाढीस जमीन योग्य करून द्यावी, अशी अट पट्ट्यांत घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारला दिला. आदेश स्तुत्यच, पण 'योग्य' म्हणजे काय, हे मोजायचे कशाने? खाण समापन आराखड्यात रोपांची संख्या आणि जगलेल्या रोपांची टक्केवारी यांनाच महत्त्व मिळते. मग भराभर वाढणारे, गुरे तोंड लावत नाहीत असे ऑस्ट्रेलियन आकेशियाचे झाड सोयीचे ठरते. शेजारच्या गोव्यात खाणमातीच्या ढिगांवर हेच झाड सर्रास लावले गेले. ते ढीग काही प्रमाणात धरून ठेवते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या पानांच्या जाड थराखाली दुसरे फारसे काही रुजत नाही. टक्केवारी उत्तम आणि रान मुके, अशी ही स्थिती!

अमेरिकेने उघड्या कोळसा खाणींसाठी १९७७ मध्ये केलेल्या कायद्यात वनस्पतींचे आच्छादन वैविध्यपूर्ण, टिकाऊ आणि स्वतःहून पुन्हा रुजणारे असावे, असे बंधन घातले. खाणमालकाची जबाबदारी किमान ५ वर्षे आणि कोरड्या प्रदेशात १० वर्षे ठेवली. तरीही बाहेरच्या जातींना मुभा राहिली आणि अ‍ॅपलेशियन डोंगरांवर दाबून घट्ट केलेल्या मातीत परक्या गवतांचे पट्टे पसरले. शब्द कायद्यात आला, मोजमाप सैल राहिले.

सिंधुदुर्गाला आदर्श शोधण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. गावोगावच्या देवराया उभ्या आहेत. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाच्या दलदलीला राज्य शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्याच वर्षी जुलैत त्याच तालुक्यातील कळणे येथे खाणीचा कडा कोसळून पाणी व चिखल शेतीबागायतीत शिरला. रान राखले तर काय उरते आणि डोंगर पोखरला तर काय वाट्याला येते, ही दोन्ही चित्रे एकाच तालुक्यात आहेत.

म्हणून निकष जवळच्या रानाचाच हवा. खोदकामापूर्वी त्या जागेची व लगतच्या देवराईची वनस्पतीसूची व्हावी. त्यांतील किती जाती परतल्या, एकाच जातीने किती जागा व्यापली आणि न लावलेली रोपे आपसूक उगवू लागली की नाही, हे पाहावे. डोंगरउतारावर ऐन, किंजळ, जांभूळ, रातांबा यांचा विचार व्हावा. सड्यावर मात्र झाडांचा हट्ट नको. मालवणपासून सावंतवाडीपर्यंतच्या कातळावर पावसाळ्यात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. तेथे खड्डे पाडून वृक्षारोपण करणे म्हणजे दुसऱ्यांदा नासधूस करणे होय. त्या इवल्या वनस्पतींचे बी वरच्या पातळ मातीत असते. ती माती वेगळी जपण्याचा नियम आहे. तो पाळला गेला की नाही, हे खाण चालू असतानाच तपासले पाहिजे, नंतर नव्हे.

तपासणार कोण? २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. अनेक नोंदवह्या २०२० च्या मुदतीच्या धाकाने घाईघाईत भरल्या गेल्या, हे खरे. त्या गावातील जाणत्यांना, विशेषतः रानभाजी व औषधी ओळखणाऱ्या स्त्रियांना सोबत घेऊन पुन्हा लिहाव्यात आणि खाणमालकाची हमीरक्कम या समितीच्या पाहणीशिवाय सोडू नये. पाहणी भर पावसाळ्यात व्हावी. उन्हाळ्यात सडा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तेथे काहीच दिसणार नाही.