संसारांतल्या गोष्टी : मोटारींतील मौन

महाभारताच्या अखेरीस धर्मराजानें सोबतच्या कुत्र्याला मागें टाकून इंद्राच्या रथांत पाऊल ठेवण्याचें साफ नाकारलें, ही कथा आमच्या घरांतील प्रत्येक मुलानें सासूबाईंच्या तोंडून ऐकलेली आहे. परंतु तो कुत्रा रथांत बसलाच नाहीं. बसण्यापूर्वींच तो साक्षात् धर्म होऊन प्रकट झाला. त्यामुळें रथ चालूं लागल्यावर तो भुंकला असता काय, आणि भुंकला असता तर आंत बसलेल्यांनीं काय करावयाचें, हा प्रश्न व्यासांना सोडवावा लागला नाहीं. आमच्या घरीं मात्र तो गेल्या वर्षीं सोडवावा लागला.

सासवडच्या बाजूला आमची अंजिराची व सीताफळाची लहानशी बाग आहे. रात्रीं बांध ओलांडून रानडुकरें आंत येतात, आणि तेथील राखणदार आतां वयानें थकले आहेत. आमचा खंड्या हा त्यांचा रात्रीचा सोबती. आठवड्यांतून तीन रात्री तो बागेवर पहारा करतो व उरलेले दिवस पुण्यास घरीं असतो. नांव जेजुरीच्या देवाचें असलें तरी जातीनें तो आल्सेशियन. या जातीचें मूळचें नांव जर्मन मेंढपाळी कुत्रा असें आहे. फॉन स्टेफानिट्झ नांवाच्या एका घोडदळाच्या अधिकाऱ्यानें 1899 सालीं तिची वंशावळ बांधावयास आरंभ केला. पुढें पहिल्या महायुद्धांत इंग्रजांना जर्मन हा शब्दच नकोसा झाल्यामुळें त्यांनीं तिचें नवें बारसें केलें. ही हकीकत मी पांडित्य मिरविण्यासाठीं देत नाहीं. मेंढ्या राखणें हा या कुत्र्यांचा पिढीजाद धंदा आहे, आणि आमच्या सगळ्या संकटाचें मूळ त्या धंद्यांत होतें.

संकट असें कीं, मोटार फाटकाबाहेर पडली कीं खंड्याचा पहारा सुरू होई, तो हडपसर मागें पडून, दिवे घाट चढून सासवड येईपर्यंत थांबत नसे. दुचाकी, शेळ्या, बैल, छत्री घेतलेला मनुष्य, जें जें हलेल त्यावर तो भुंके. थोरले भाऊजी "चूप!" म्हणून ओरडत, जाऊबाई "गप रे बाबा" म्हणून विनवीत, पुतण्या इंग्रजींत "क्वाएट" म्हणे, मुलें त्याच्या सुरांत सूर मिळवीत, आणि सासूबाई "पोर घाबरलंय हो" म्हणून त्याच्या तोंडांत भाकरीचा तुकडा घालीत. हें दोन वर्षें चाललें, आणि घरांतल्या पुष्कळशा गैरसोयींप्रमाणें त्याचीही आम्हांला संवय झाली.

गेल्या भाद्रपदांत घाटाच्या एका वळणावर समोरून येणाऱ्या मालमोटारीचा भोंगा आम्हां कोणालाच ऐकूं आला नाहीं. पुतण्या मोटार चालवीत होता. त्यानें ऐन वेळीं गाडी कडेला घेतली. ओल्या रस्त्यावरून ती घसरली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला खरचटलें देखील नाहीं. खालीं मस्तानी तलाव दिसत होता. सासूबाईंच्या हातांतली जपमाळ थरथरत होती, आणि खंड्या अजून भुंकतच होता.

त्या रात्रीं थोरल्या भाऊजींनीं निर्णय दिला : दिवाळीपर्यंत हें थांबलें नाहीं, तर कुत्रा कोणातरी शेतकऱ्यास देऊन टाकावयाचा. ही वार्ता बागेवर पोहोंचली, तेव्हां राखणदारांनीं निरोप धाडला कीं, खंड्या जाणार असेल तर मलाही गांवीं जाऊं द्या. या वयांत एकट्यानें रात्र काढवत नाहीं. त्यांच्या निरोपांत रुसवा नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला.

प्रथम सुचलेले उपाय सांगावयास मला लाज वाटते. भाऊजींचें मत तोंड बांधावें असें पडलें. धाकट्या दीरांनीं भुंकतांच विजेचा झटका देणारा गळपट्टा विकत मिळतो अशी माहिती आणली. जनावरांच्या डॉक्टरांनीं दोन्ही सूचना ऐकून मान हालविली. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं; तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा उष्णता घालविण्याचा मुख्य मार्ग. तोंड आवळून बांधलेला कुत्रा उकाड्याच्या मोटारींत जिवास मुकूं शकतो. गळपट्ट्याविषयीं ते म्हणाले, "त्याला पोसतां तो भुंकण्यासाठींच ना? झटका भुंकण्याबद्दल मिळाला कीं मोटारीबद्दल, हें त्याला कोण समजावणार? उद्यां बागेंतही त्यानें तोंड मिटलें, तर डुकरें कोण हांकणार?" हा मुद्दा आम्हां शिकलेल्या माणसांच्या डोक्यांत आला नव्हता. भुंकणें ही खंड्याची नोकरी होती. ती काढून घ्यावयाची नव्हती. मोटारींत आपण कामावर नाहीं, एवढेंच त्याला शिकवावयाचें होतें.

डॉक्टरांनीं आधीं तो कशानें भुंकतो तें पाहावयास सांगितलें. गाडी लागत असेल तर कुत्रा लाळ गाळतो, ओठ चाटतो, वारंवार जांभया देतो. भीति असेल तर कान मागें पाडून, अंग आखडून कांपतो. अशा कुत्र्याला शिस्त नको, उपचार हवा. खंड्याचे कान पुढें, मान ताठ, नजर खिडकीबाहेर. त्याला भीति नव्हती, अत्यानंद होता.

मग मी दोन फेऱ्या नुसती त्याच्याकडे पाहत बसलें. दुचाकी जवळ येई, हा भुंके, दुचाकी मागें पडून दिसेनाशी होई. आपल्याला ठाऊक आहे कीं मोटारच पुढें गेली. त्याच्या हिशेबीं मात्र त्यानें भुंकून तिला पळवून लावलें! हडपसर ते सासवड यांच्या दरम्यान त्याला असे शेंकडों विजय मिळत होते. त्यांत भाऊजींचें ओरडणें. सेनापति आपल्याबरोबर भुंकत आहे असें वाटून कोणता शिपाई थांबेल? शिवाय सासूबाईंची भाकरी. आणि सर्वांत मोठें बक्षीस शेवटीं : बागेचें फाटक दिसतांच तो कानठळ्या बसेपर्यंत भुंके आणि त्या कलकलाटाला कंटाळून आम्ही झटकन् दार उघडून त्याला बाहेर सोडीत असूं. 1898 सालीं थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञानें पेटाऱ्यांत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, ज्या हालचालीनें दार उघडतें तीच जनावराच्या अंगीं मुरते. आमची मोटार हा तसाच एक पेटारा होता, आणि दार आम्हीच भुंकण्यानें उघडत होतों.

तेव्हां शिक्षण खंड्याआधीं आमचें व्हावयास हवें होतें. हें थोरल्या भाऊजींना सांगावें कोणीं? मीं तो भार सासूबाईंवर सोपविला. त्यांनीं ओसरीवर सर्वांना बसवून एकच शब्द ठरवून दिला : "गप." तोही एकदांच, हळू, आणि जो खंड्याच्या शेजारीं बसेल त्यानेंच म्हणावयाचा. इतरांनीं तोंडांतून अक्षर काढावयाचें नाहीं. "आणि मी भाकरी देणार नाहीं," असें त्यांनीं स्वतः होऊन जोडलें, तेव्हां भाऊजींना कांहीं बोलावयास जागा उरली नाहीं.

दुसरी अडचण अशी कीं, शिकवीत असतांना जुन्या पद्धतीनें एकही प्रवास घडतां कामा नये. दहा वेळां कठोर राहून अकराव्या वेळीं माणूस विरघळला, तर खोड सुटत नाहींच, उलट पक्की होते. अधूनमधून मिळणारें बक्षीस रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षां जनावराला अधिक काळ आशेवर ठेवतें, हें स्किनर यांच्या प्रयोगांत दिसून आलेलें आहे. जुगाऱ्याच्या घरच्यांना त्यासाठीं प्रयोगाची गरज नाहीं. म्हणून खंड्याला पगारी रजा दिली, आणि दोघां पुतण्यांनीं पाळीपाळीनें बागेवर रात्रीं काढल्या. रिकामा डबा वाजवून डुकरें हांकतां हांकतां त्या मुलांना खंड्याची किंमत जेवढी कळली, तेवढी माझ्या सांगण्यानें कळली नसती.

पहिले आठ दिवस मोटार हललीच नाहीं. सकाळीं खंड्याला लांबवर फिरवून आणावयाचें, मग सावलींत उभ्या असलेल्या मोटारींत त्याला घेऊन बसावयाचें. दारें उघडीं, यंत्र बंद. मी ताटांत तांदूळ निवडीत असें. शेजारच्या बाईंनीं दोन दिवस पाहिलें आणि तिसऱ्या दिवशीं, घरांत कांहीं बिनसलें आहे काय, असें हळूच विचारलें. खंड्या भुंकला कीं मी मान वर करीत नसें; दोन क्षण गप्प राहिला कीं भाकरीचा एक कपटा. मग पांच क्षण, मग बारा, पुन्हां तीन. हिशेब त्याला कळूं द्यावयाचा नाहीं. (येथें एक गोष्ट सांगून ठेवतें : प्रसादांतल्या मनुका व मुलांचें चॉकलेट कुत्र्याला विषासारखीं असतात. आमच्याकडे हें कोणालाच ठाऊक नव्हतें.) चौथ्या दिवशीं तो पूर्वीं कधीं भुंकला नव्हता इतका भुंकला. मी रडकुंडीला आलें. फोनवर डॉक्टर म्हणाले, जी युक्ति इतके दिवस चालली ती एकाएकीं कां चालेना म्हणून तो जोर लावून पाहत आहे. आज हरलांत तर सगळें गेलें. मी तांदूळ निवडीत राहिलें. त्या दिवशींचा भात फार स्वच्छ झाला होता.

पुढें यंत्र सुरू करून नुसतें बसणें, मग फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोंकापर्यंत. मागील बाजूस लोखंडी जाळीचा पिंजरा बसवून त्याच्या तीन बाजू जुन्या लुगड्यानें झांकल्या. वारा खेळता राहिला, पण बाहेरची दुचाकी दिसेनाशी झाली. शत्रूच दिसत नाहीं म्हटल्यावर अर्धी लढाई आपोआप मिटली. भुंकला कीं सुरक्षित जागा पाहून मोटार कडेला उभी करावयाची आणि सर्वांनीं मूर्तीसारखें बसावयाचें. गप्प झाला कीं पुढें निघावयाचें. त्याला पुढें जाण्याची हौस होती, म्हणून पुढें जाणें हेंच त्याचें बक्षीस. हडपसरची पहिली फेरी त्यामुळें इतकी लांबली कीं, घरीं परततांना माझी एकादशी व जाऊबाईंचें डोकें दोन्ही बरोबरच चढलीं होतीं. घाटांत असें थांबतां येत नाहीं, म्हणून हडपसरपर्यंत सलग चार फेऱ्या मौनांत झाल्यावांचून घाटाचें नांवही काढावयाचें नाहीं, असें ठरविलें.

या थांबण्यांत एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. कुत्र्याला बंद मोटारींत एकट्याला सोडून दुकानांत जाऊं नये. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत थोड्या मिनिटांत भट्टी होते. कांच चार बोटें उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं.

सर्वांत अवघड परीक्षा बागेच्या फाटकाशीं होती. तेथें राखणदार स्वतः उभे. दीड महिन्यांनीं आपला सोबती आलेला पाहून म्हातारे हांक मारणार, इतक्यांत मीं बोट ओठांवर ठेवलें. खंड्या आंत थयथयाट करीत होता. आम्ही सगळे मोटारींत, ते बाहेर, मध्यें तो. किती वेळ गेला कोण जाणे. भाऊजींच्या कपाळाची शीर फुगली, पण त्यांनीं तोंड उघडलें नाहीं. अखेर पिंजऱ्यांतून नुसता श्वास ऐकूं येऊं लागला, तेव्हां मीं दार उघडलें. तो बाणासारखा गेला आणि राखणदारांच्या पायांशीं लोळला. मग उठून बांधाकडे तोंड करून मनसोक्त भुंकला. तें ऐकून म्हातारे म्हणाले, "आवाज हाय अजून." ती रात्र पुतण्यांनीं घरीं झोपून काढली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत घाटांत मेंढ्यांचा कळप आडवा आला. मोटार थांबली. लुगड्याच्या फटींतून त्याला लोकरीचा वास आला असावा. पिंजऱ्यांत त्याचें सर्व अंग थरथरूं लागलें, घशांतून एक बारीक सूर निघाला. सासूबाई शेजारीं होत्या. त्यांनीं "गप" म्हटलें, एकदांच, आणि कळप जाईपर्यंत माळ ओढीत राहिल्या.

खंड्या निर्दोष झाला असें मी म्हणणार नाहीं. फटाक्यासारखा आवाज करीत एखादी दुचाकी गेली कीं अजून एक भुंकणें सुटतें. भाऊजींनीं मुदतीचा विषय पुन्हां काढलेला नाहीं. मात्र सकाळीं वर्तमानपत्र वाचतांना ते राजकारणावर तावातावानें बोलूं लागले, कीं धाकटा पुतण्या मुकाट्यानें भाकरीची डबी त्यांच्यापुढें सरकवतो.