मृगापूर्वी ट्रॅक्टरच्या पोटातले तेल पाहा



बैलगाडीच्या आखाला वंगण कमी पडले की गाडी करकरायला लागते. गाडीवानाला ते ऐकू येते, वाटेतला माणूसही सांगतो, "अरे, वंगण घाल." ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तसे नाही. इंजिनाचे तेल कमी झाले तर निदान समोर लाल दिवा लागतो. मागच्या पोटातले तेल मात्र बहुतेक ट्रॅक्टरांत मुकाट्याने कमी होते, मुकाट्याने खराब होते आणि नेमके पेरणीच्या दिवशी घात करते.

काही वर्षांपूर्वी माझ्या भागातल्या एका शेतकऱ्यावर ही वेळ आली. पाऊस झाला, वापसा आला, सोयाबीनचे बियाणे बांधावर येऊन पडले आणि ट्रॅक्टरची लिफ्ट पेरणीयंत्र उचलीना. मी विचारले, "तेल कधी बदलले होते?" तो म्हणाला, "साहेब, इंजिनचं ऑइल टायमावर बदलतो की!" "आणि गिअरचं?" "ते कुठं बदलावं लागतंय? ते कंपनीतनंच भरून येतंय."

मागचे तेल काढून पाहिले तर पट्टीच्या खालच्या खुणेच्याही खाली गेलेले, आणि रंगाने ताकासारखे. पंप खराब झाला होता. दुरुस्तीला नऊ दिवस गेले, वापसा हातचा गेला आणि शेवटी भाड्याच्या ट्रॅक्टरने उशिरा पेरणी करावी लागली. तेव्हा घरची बाई म्हणाली, "ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग मी पाडव्यापासून झाडतेय. पण मला कोण विचारतंय?" त्याच अंगणात मी दोनदा चहा घेतला होता. तो डाग मीही ओलांडून गेलो होतो, म्हणून आज हे लिहितो आहे.

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकाच पोटात असते, तर काहींत वेगवेगळे. एकच असेल तर तेच तेल दातेरी चाकांना वंगण देते, लिफ्ट उचलते, डंपिंग ट्रॉली उलथते आणि ज्या ट्रॅक्टरला तेलातले ब्रेक आहेत तिथे ब्रेक थंड ठेवते. एवढी कामे करणारे तेल जन्मभर टिकेल कसे? इंजिनाचे तेल साधारण २५० तासांनी, तर हे तेल पुष्कळ ट्रॅक्टरांत १००० तासांच्या आसपास बदलावे लागते. नव्या ट्रॅक्टरची पहिली बदली यापेक्षा लवकर येते. आपल्या ट्रॅक्टरची नेमकी मुदत पुस्तिकेत दिलेली असते. तासांचा आकडा मीटरवर पाहून घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला वहीत लिहून ठेवायला सांगा. आठवणीवर विसंबू नका.

आधी तपासणी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. लिफ्टचे हात खाली, ट्रॉली जोडलेली असेल तर तीही खाली आणि इंजिन बंद ठेवा. तेल खाली बसू द्या. मग पट्टी पुसून बुडवा आणि पाहा. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे. चिखलणीत खोल पाण्यात चाललेला, पावसात उघड्यावर उभा राहिलेला किंवा पाण्याचा जोराचा फवारा मारून धुतलेला ट्रॅक्टर असेल तर हे हमखास तपासा. काळे पडलेले आणि जळका वास येणारे तेल म्हणजे ते फार तापले आहे. अशा वेळी तास भरायची वाट पाहू नये. पाणी कुठून शिरले हे शोधल्याखेरीज नुसते तेल बदलणेही व्यर्थ.

मग बदल. ट्रॅक्टर थोडा वेळ चालवा, लिफ्ट चार वेळा वर-खाली करा. कोमट तेल पातळ होते आणि गाळ घेऊन बाहेर पडते. नंतर लिफ्ट खाली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड. वर उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नका. भरायचे झाकण आधी सैल करून पाहा. खालून तेल सोडल्यावर वरचे झाकण निघत नाही असे कळले तर पंचाईत होते. तेल सोडायचे नट एकापेक्षा जास्त असतात, ते पुस्तिकेत पाहून सगळे काढा. मध्यम ट्रॅक्टरात तीस-चाळीस लिटरपर्यंत तेल निघू शकते, तेव्हा एका घमेल्यावर भागणार नाही.

नटाला लोहचुंबक असेल तर तो नीट पाहा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे ही नेहमीची झीज आहे. चिमटीत धरता येतील असे लोखंडाचे तुकडे मात्र मिस्त्रीला दाखवा. जाळीची गाळणी स्वच्छ डिझेलने धुऊन वाळवा. कागदी फिल्टर धुऊन परत बसवू नका, नवाच घाला. आत चिंध्या किंवा कापूस घालून पुसू नका, एक धागासुद्धा पंपाच्या वाटेत अडकतो. वॉशर बदलून नट बसवा, स्वच्छ नरसाळ्याने नवे तेल भरा. इंजिन चालवून लिफ्ट पुन्हा वर-खाली करा, बंद करून पातळी पाहा आणि कमी असेल तेवढेच घाला. खुणेच्या वर भरलेले तेलही नुकसानच करते.

तेल कोणते? पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच. "घट्ट तेल चांगले" हा समज सोडा. तेलातल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरात साधे गिअर ऑइल घातले तर ब्रेक आवाज करतात आणि बिघडतात. सीलबंद डबा घ्या आणि पावती ठेवा.

डंपिंग ट्रॉलीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. गावात एक ट्रॉली चार ट्रॅक्टरांना फिरते. तिच्या जॅकमध्ये राहिलेले दुसऱ्याचे तेल आणि नळीच्या तोंडावरची माती आपल्या ट्रॅक्टरात येते. जोडण्यापूर्वी तोंड पुसा, सोडल्यावर झाकण लावा. आणि नळी गळते का हे हाताने चाचपू नका. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा. तेल कातडीत गेलेच तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

निघालेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नका. जनावराच्या खरजेवर तर मुळीच लावू नका. ते चाटून जनावर आजारी पडते. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि परवानाधारक खरेदीदाराकडे, नाहीतर ते त्याच्याकडे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या.

हे सारे काम एका दिवसाचे आहे. मृग तोंडावर येण्याआधी तो दिवस काढा. आणि उद्या सकाळी अंगण झाडणारीला एवढेच विचारा, "ट्रॅक्टरखाली डाग दिसतो का?" ती सांगेल ते ऐका.