त्रिकोण उलटा नसतो

मागच्या महिन्यात रंगांविषयी लिहिले होते. त्यानंतर काही मातांनी आकारांविषयी विचारले. कारण उघड आहे. नर्सरीच्या प्रवेशाला मुलापुढे तक्ता धरून ‘हे काय?’ असे विचारतात, आणि काही ठिकाणी तर हातात पेन्सिल देऊन त्रिकोण काढायलाही सांगतात.

पेन्सिलीचे आधी बोलू, कारण घराघरातली रडारड तिच्यावरूनच होते. साधारणपणे तीन वर्षांचे मूल समोरचे वर्तुळ बघून तसा गोल काढते. चौरस चारच्या पुढे जमतो आणि त्रिकोण पाचच्या आसपास. तिरपी रेघ ओढायची आणि नेमक्या जागी वळवायची, हे लहान बोटांना फार जड जाते. साडेतीन वर्षांच्या मुलाचा त्रिकोण बटाट्यासारखा आला म्हणून त्याला आकार कळत नाहीत असे होत नाही. त्याच मुलापुढे मिठाईच्या खोक्यातून कापलेले पुठ्ठ्याचे दहा-बारा तुकडे टाका, तो त्रिकोण बरोबर वेगळे काढेल. ओळखणे, नाव सांगणे आणि काढणे ही तीन निराळी कामे आहेत. पहिले येत असताना तिसऱ्यासाठी मुलाला चापट मारणे, किंवा पाहुण्यांसमोर ‘याचं डोकं चालत नाही’ म्हणणे, हा सरळसरळ अन्याय आहे. पाचव्या वर्षीच त्या मुलाने ठरवून टाकलेले असते की गणित आपल्यासाठी नाही.

हाताने शिकवण्याची गोष्ट नवी नाही. जर्मनीतल्या फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याच्या साधनांत लाकडाचा एक चेंडू, एक ठोकळा आणि एक दंडगोल असे. मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोममध्ये बालघर उघडले. तिथे मुले लाकडी आकारांच्या कडेवरून बोट फिरवत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने होती. म्हणजे पंधराशे रुपयांचा प्लास्टिकचा संच घेतलाच पाहिजे असे नाही. घेतला असेल तर वापरा.

फ्रोबेलचे ते तीन ठोकळे स्वयंपाकघरात आहेतच. ताट तिरके धरा आणि त्यावरून लिंबू, लाटणे आणि साबणाची वडी सोडा. लिंबू कुठेही पळते. लाटणे एकाच बाजूने गडगडते, आडवे वळवून ठेवले तर घसरते. वडी फक्त घसरते. हे करून बघणे गरजेचे आहे, कारण आपल्या बोलण्यात एक घोळ आहे. मराठीत आणि उर्दूत आपण चेंडूलाही गोल म्हणतो आणि चपातीलाही. मूल दोन्हींना गोल म्हणते तेव्हा त्याचे चुकत नाही, शब्दच तसा आहे. हातात दिल्यावर फरक आपोआप कळतो: एक ताटावर सपाट झोपते, दुसरे झोपत नाही. नंतर वाटी रंगात बुडवून कागदावर तिच्या काठाचा ठसा उमटवा. काडेपेटीचे ठसे तर अवश्य घ्यावेत; एकाच पेटीचे तीन बाजूंनी तीन मापांचे आयत उमटतात आणि मुले खूप वेळ रमतात.

आता त्रिकोण. तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी सारखाच: तिन्ही बाजू समान, खाली आडवी रेघ, वर टोक. मूल चित्र पाठ करते. मग टोक खाली केले की म्हणते, ‘उलटा झाला’, आणि लांबट, काटकुळा त्रिकोण दाखवला तर मानतच नाही. माझ्या वर्गात एकदा असेच चालले होते. मी जमिनीवर लांब, निमुळता त्रिकोण ठेवला. मुले म्हणाली, ‘नहीं आपा, ये तो भाला है.’ कोपऱ्यातला एक मुलगा, जो एरवी नावे विचारली की गप्प बसे, पुढे आला आणि म्हणाला, ‘ये तो कली है. अब्बू कुर्ते में लगाते हैं.’ वडील शिंपी. कुर्त्याच्या बाजूंना घेर देणारी निमुळती कळी, बगलेतला छोटा चौबगला हे सगळे त्याने कातरणीत चिवडलेले होते. तक्त्यावर तो नापास होता. मी त्यालाच टोके मोजायला लावली: एक, दोन, तीन. बाजू सरळ आहेत का, बोट फिरवून बघ. आहेत. मग सगळ्यांनी मानले.

घरी हेच करा. तुकडा फिरवत राहा आणि दर वेळी विचारा, ‘आता कोण आहे?’ चौरसाचे टोक वर केले की मुले त्याला शंकरपाळी म्हणतात. म्हणू द्या, मग मान तिरकी करून बघायला सांगा. एका चौरसावर दुसरा तिरका ठेवला की आठ टोकांचा तारा होतो. विजापूरला गेलात तर गोल घुमटात मान वर करून हे मुलांना दाखवा. चौकोनी दालनावर तो प्रचंड घुमट बसवताना कमानी अशाच, दोन चौरस एकमेकांत फिरवल्यासारख्या रचल्या आहेत. रुमालाची घडीही कामाची आहे. टोकाला टोक लावले की त्रिकोण, कडेला कड लावली की आयत.

नावांचा प्रश्न आपल्या घरांत थोडा वेगळा आहे. घरी उर्दू, अंगणवाडीत मराठी, प्रवेशाला इंग्रजी. दायरा, वर्तुळ, सर्कल. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. ‘मुरब्बा’ म्हटले की तर मूल आवळ्याच्या बरणीकडेच बघते! माझे मत असे की सुरुवातीला घरात बोलतो तेच एक नाव पक्के करावे. वस्तू ओळखीची झाली की दुसरे नाव दोन दिवसांत चिकटते. तिन्ही नावे एका दमात घोकून घेतली तर एकही राहत नाही. चौरस हाही एक आयतच, हे मात्र इतक्यात सांगू नका. ते प्राथमिक शाळेत बघता येईल.

शेवटचा खेळ माझ्या आवडीचा. हरभरे रात्रभर भिजवा, झाडूचे हीर बोटाएवढे तोडा आणि हरभऱ्यांत खोचून आकार जोडा. हरभरा घशात अडकू शकतो, म्हणून तीनपेक्षा लहान भावंड जवळ नको आणि मोठ्यांनी शेजारी बसायचे. त्रिकोण आणि चौरस झाले की मुलाला दोन्ही बाजूंनी हलके दाबायला सांगा. चौरस कलतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या छपराखालची लोखंडी कैची त्रिकोणांचीच का असते, ते मग शाळेच्या वाटेवर दाखवता येते. जोडलेले आकार उन्हात ठेवा, पावसाळ्यात बुरशी धरते. दोन-तीन दिवसांत हरभरे सुकून काड्यांना घट्ट धरतात, आणि मूल विचारते की चौरस आता का डुलत नाही.